मँचेस्टर किती जेवणांवर?

इकडे सरका बरं. असे उंबऱ्यावर अर्धे टेकून काऊन बसता, हिवतापाच्या गोळ्या वाटायला आल्यासारखे? आणि तो मोबाइल ठेवा खाली. गाव सोडून शहरात गेलात तेव्हापासून तुमचं हे असंच, अंग इथं आणि बोटं दुसरीकडे. चटई अंथरली आहे, तिच्यावर या, गुडघ्याला गुडघा लागू द्या. मी काही भाषण देत नाही. एका बाईची आठवण काढते आहे. तुम्ही सगळ्यांनी तिला पाहिलं आहे, तेव्हा माझं कुठं चुकलं तर तिथल्या तिथं टोका, मागून कुरकुर नको.

"किती जेवनाचा रस्ता हाय, थे सांग."

आली ना डोळ्यांसमोर? डावा हात कमरेवर, उजव्या हाताची पाचही बोटं जुळवून घास धरल्यासारखी, आणि मान जराशी वाकडी. कुणी म्हणालं, मी बालाघाटला चालले, माझ्या भाच्याचं लग्न रायपूरला आहे, की हिचा हा प्रश्न ठरलेला. किलोमीटर सांगितले तर हसायची. "किलोमीटर पोटात जाते काय? जेवनं सांग."

नाव मी घेत नाही. तिला नाव घेतलेलं आवडायचं नाही. "मले हाक मारा, नाव नोका घेऊ, मी काही निवडनुकीत उभी नाही," म्हणायची.

आपल्या रोवणीच्या टोळीची ती म्होरकी. रोवणी म्हणजे धानाचे पऱ्हे उपटून चिखलात लावायचे, हे तुम्हाला सांगायला नको, पण तुमच्या पोरांना सांगावं लागेल. टोळीत वीस-पंचवीस बाया. मीही होते, गुडघे जाईपर्यंत; मग शिवणाचं मशीन धरलं. आजचं शेत बिरसीत, उद्याचं कामठ्याकडे, आठवड्यानं पार मध्य प्रदेशाच्या हद्दीत. शेतकऱ्याशी बोलणी करायची, बाया जमवायच्या आणि बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरल्यावर ओळ सरळ ठेवायची, हे तिचं काम. वाट किती लांब ते तिला आधी कळायला हवं असायचं, कारण त्यावर शिदोरी ठरायची. एका जेवणाच्या वाटेला भात आणि जवसाची चटणी. दोन जेवणांच्या वाटेला पोळ्या, कारण भात विटतो. त्याच्या पुढं लाडू, मुरमुरे, भाजलेले चणे. आणि दर वेळी हिशेबाच्या वर एक जेवण जास्तीचं. मी एकदा विचारलं, हे कोणासाठी? तर म्हणाली, "वाटंत भेटनाऱ्यासाठी. आपल्याले का मालूम कोन भेटते?"

कोणी ना कोणी भेटायचंच. कधी बैलगाडीवाला, कधी रस्त्यावर खडी टाकणारी छत्तीसगढी बाई, आणि कोणी नाहीच भेटलं तर आमच्यातलीच एखादी, जिच्या घरी सकाळी चूल पेटली नसायची. तिला ती बांधून आणलेली शिदोरी देताना ही म्हणायची, "खाऊन टाक वो, उगाच वझं झालं मले."

डोक्यावरून विमानं जायची. बिरसीचं विमानतळ तेव्हा नव्यानं मोठं झालं होतं आणि विमान चालवायला शिकवायची शाळा निघाली होती. ती छोटी छोटी विमानं भुंग्यासारखी दिवसभर घिरट्या घालत. नव्या सुना चिखलात उभ्या राहून वर पाहत, की हिचा आवाज आलाच. "वर पाहशीन त पऱ्हा तिरपा लागन! थे तुह्यासाठी नाही उतरत!" पण दुपारी झाडाखाली जेवायला बसलं की तीच वर पाहत राहायची. एकदा म्हणाली, "मले एक समजत नाही. हे सकारी बिरसीवरून उडते, दिवसभर फिरते, अन् बिरसीलेच उतरते. मंग जाते कुठी?"

"शिकून राहिले ना बाई थे पोट्टे," मी म्हणाले.

"शिकून राहिले त ठीक हाय. शिकलेला मानूस कुठी जात नाही काही दिवस. मंग एकदम जाते."

हे ती विमानांबद्दल बोलत नव्हती. तिची लेक तेव्हा नागपूरला नर्सिंग शिकत होती.

तिचा नवरा लवकर वारला होता. मुलानं दहावीनंतर गोंदियात टायरच्या दुकानात काम धरलं आणि पुढं स्वतःचं दुकान टाकलं. लेकीला शिकायचं होतं. तिला नागपूरला पोचवायला ही गेली तेव्हा एक जेवण बांधलं होतं. परत आली तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "जाताना एक जेवनाचा होता. येताना जेवलीच नाही मी."

मग लेक मस्कतला गेली. चार वर्षांनी तिथून इंग्लंडात, मँचेस्टर नावाच्या शहरात. आपल्या मोहल्ल्यातली पहिली पोरगी, जी समुद्रापार नोकरीला गेली. तिथंच लग्न झालं. जावई नागपूरकडचा, दवाखान्यात रक्त तपासायचं काम करणारा, शांत मुलगा. आपली बाई कुणालाही सांगताना लेकीचा पगार सांगायची नाही, घर सांगायची नाही. "मोठ्ठ्या दवाखान्यात हाय, अन् रातपाळीत तिच्या हाताखाली चार जनी रायतेत," एवढंच. आणि मान जरा वर.

आता हसू नका, पुढचं जड आहे.

लेकीचं पहिलं बाळ पोटातच गेलं. सातव्या महिन्यात. फोन आला तेव्हा ही माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकून बसली होती. ऐकत राहिली, ऐकत राहिली, आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तू जेवली का?" फोन ठेवल्यावर माझ्या मशीनचं चाक बोटानं फिरवलं तिनं. मग म्हणाली, "तिथं तिच्याजवळ कोनी नव्हतं वो. जवाई होता, पन जवाई गडी मानूसच ना. आई पायजे होती."

त्यानंतर काही दिवसांनी तिच्या घरी पोलीस आला. मोहल्ला गोळा झाला, हिनं काय केलं म्हणून. पोलिसानं विचारलं, ह्या बाई इथंच राहतात का, चांगल्या आहेत का? आमच्यातली एक म्हणाली, "चांगली हाय, पन शिव्या लय देते." मग कळलं, बाईनं पासपोर्टचा अर्ज केला होता. मुलाला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं. नागपूरला जाऊन, रांगेत उभी राहून, बोटांचे ठसे देऊन आली होती.

मुलगा संध्याकाळी गोंदियाहून धावत आला. "आई, पासपोर्ट कायले काढला?"

"ठेवतो घरात. पुढच्या बारीले उशीर नाही झाला पायजे."

पुढची बारी आली. दीड वर्षानं लेकीला पुन्हा दिवस गेले. दिवाळीनंतर धान कापून झालं की हिनं जायचं, बाळ व्हायच्या तीन आठवडे आधी पोचायचं, असं ठरलं. व्हिसा जावयानं सगळं करून दिलं. प्रश्न मुलाचा होता. तो चांगला पोरगा, पण घाबरट. आई कधी गोंदियाच्या पलीकडे एकटी राहिली नव्हती, इंग्रजी येत नाही, दोहा नावाच्या गावी विमान बदलायचं. "हरवशीन तू," तो म्हणायचा. "मी पाठवत नाही."

मग तिकीट आलं. जावयानं मोबाइलवर पाठवलं, मुलानं कागदावर छापून आणलं, आणि आमच्या ओसरीवर बसून वाचलं. पहाटे चारला नागपूर. सहाला दोहा. आठला पुन्हा विमान. दुपारी साडेबाराला मँचेस्टर.

बाई बोटांवर मोजायला लागली. पहाटे निघायचं, तेव्हा पोट भरलेलं. सकाळी न्याहारी. दुपारचं जेवण तर लेकीकडेच. ती उठून उभीच राहिली. "एक जेवनाचा! अरे, एक जेवनाचा रस्ता हाय! मुंबई दोन जेवनाची, अन् मँचेस्टर एक!"

तुम्ही इथं असता तर पाहिलं असतं. अर्धा तास मोहल्ल्यात हीच चर्चा. मँचेस्टर मुंबईपेक्षा जवळ निघालं! म्हातारी म्हातारी माणसं येऊन तो कागद हातात घेऊन पाहून गेली. मुलगाही ढिला पडला. म्हणाला, "एवढं जवळ असन त जाय मंग." मीही म्हणाले, बरोबर आहे. घड्याळ काही खोटं बोलतं का?

दोन दिवसांनी माझ्याकडे ती हरयाणाची पोरगी आली, विमानशाळेत शिकणारी. तिची पांढरी पँट कमरेत सैल व्हायची, मी आत घेऊन द्यायची. बाईही तिथंच बसली होती, मुलगा तिला घ्यायला आलेला. मी मोठ्या तोऱ्यात त्या पोरीला सांगितलं, आमच्या बाई इंग्लंडला चालल्या, सकाळी निघून दुपारी पोचणार.

पोरगी हसली नाही, हे तिचं चांगलं. कागद नीट पाहिला आणि म्हणाली, "आंटी, वहाँ की घड़ी अपनी घड़ी से पीछे चलती है. उनके साढ़े बारह बजेंगे तब यहाँ शाम के छह हो जाएँगे. पूरा दिन लगेगा. साढ़े सात हज़ार किलोमीटर है, आंटी."

मुलाचा चेहरा उतरला. "पाय! साडेसात हजार! मी म्हनलोच होतो. आई, तिकीट वापस करू."

बाईनं कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग त्या पोरीला म्हणाली, "घड़ी पीछे कायको जाती?"

त्या पोरीनं माझ्या हातातलं दोऱ्याचं रीळ घेतलं, माझ्या मशीनच्या दिव्यासमोर फिरवलं, सूर्य असा, आपण असे, तुम्ही सूर्याच्या मागोमाग जाणार, म्हणून दिवस लांबेल. मला तर काही उमजलं नाही, खरं सांगते. बाई मात्र हळूहळू मान हलवायला लागली.

"समजलं. रोवनीच हाय ही. आपन रोवताना मांगं मांगं सरकतो, पन काम समोर होते. तसं विमान जाते समोर, घडी सरकते मांगं."

ती पोरगी म्हणाली, "बस, ऐसा ही समझो." बरोबर होतं की चूक, देव जाणे. तुमच्यापैकी कोणी शिकलेलं असेल तर नंतर सांगा, आता मध्ये बोलू नका.

मुलगा ऐकायला तयार नव्हता. "आई, तू एक जेवन म्हनली म्हनून मी हो म्हनलो. आता थे तीन जेवनं निंगाले."

तेव्हा ती जे बोलली ते मी अजून विसरले नाही. मोठ्यानं नाही बोलली, उलट आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "बाप्पू, रस्ता काल होता तेवढाच आज हाय. आपन मोजाले चुकलो. म्हनून का लेक एकटी बाळंत होईन? थे जवळ असती तरी मी गेली असती, अन् चंद्रावर असती तरी गेली असती. मले तीन जेवनं बांधू दे."

 मग त्यानं उठून तिच्या पिशवीचा पट्टा तुटला होता तो शिवून द्या, म्हणून माझ्यापुढं ठेवला. तोच त्याचा होकार.

चार जेवणं बांधली तिनं. तीन आपली, एक वाटेत भेटणाऱ्याची. पोळ्या, लाडू, मुरमुरे, जवसाची चटणी. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वेगळे. आंब्याचं लोणचं नागपूरला विमानतळावर काढून घेतलं, त्याचं दुःख तिला वर्षभर होतं. "त्यायनं खाल्लं असन त चालते," म्हणायची, "फेकलं असन त पाप लागन."

आता तो दिवस ऐका.

मुलगा तिला विमानात बसवून सकाळी थेट आमच्या ओसरीवर आला. माझ्या सुनेच्या मोबाइलवर त्या हरयाणाच्या पोरीनं काहीतरी टाकून दिलं होतं, त्यात आकाशातली विमानं दिसायची. पिवळी पिवळी, मुंग्यांसारखी. त्यातली एक आपली. ती मुंगी दोह्याला उतरली, आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसरी मुंगी दोह्याहून उडायच्या बेतात, पण तिच्यात बाई आहे की नाही कसं कळणार? तेवढ्यात मुलाच्या फोनवर अनोळखी नंबरवरून आवाज आला, कुणाचा तरी फोन मागून घेतलेला. "बसली मी दुसऱ्यात. ठेवतो, ह्या पोराचे पैसे जाऊन राहिले."

आम्ही हसत होतो तोच जावयाचा फोन. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. तीन आठवडे आधी. तो तिला घेऊन दवाखान्यात चालला होता. "मी विमानतळावर जाऊ शकत नाही. आईंना कोण आणणार? त्यांच्याजवळ फोनही नाही."

आणि आमची बाई वर. ना तिला सांगता येत, ना थांबवता येत.

मुलानं ओसरीच्या खांबाला डोकं टेकलं. मी ताट वाढून आणलं, तर म्हणाला, "मावशी, आई उतरल्याशिवाय नाही." हळूहळू मोहल्ला जमला. कापणी झालेली, बायांना दुपारचं काम नव्हतं. टोळीतल्या सगळ्या आल्या. सून मोबाइल मांडीवर ठेवून बसली, आणि वीस बाया त्या एका मुंगीकडे पाहत. सून मोठ्यानं वाचायची, आता इराक. आता तुर्कस्तान. आता काळा समुद्र. कोणी कधी न ऐकलेली नावं. एक म्हातारी विचारायची, "तिथं धान होते काय?" सून म्हणायची, माहीत नाही आजी. म्हातारी म्हणायची, "मंग बाई खाली कायले पाहीन?"

मधेच कुणीतरी म्हणालं, मागच्या वेळेसारखं तर नाही ना होणार? सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती उठून पाणी आणायला गेली.

ऊन कलत गेलं. मुंगी सरकत नव्हती, आणि सरकत होती. शेवटी ती इंग्लंडाच्या टोकाला टेकली. सून म्हणाली, उतरलं. कोणी टाळी वाजवली नाही. आता तर खरी काळजी. परक्या मुलखात, थंडीत, दारात ओळखीचं कोणी नाही, आणि बाईला फक्त एवढंच ठाऊक की जावई येणार.

चुलीवरचा चहा दोनदा आटला. मग फोन वाजला, चित्र दिसणारा. मुलानं तो माझ्या सुनेपुढं केला, तिनं उचलला. आणि त्यात आधी बाई नाही दिसली, तिचा पदर दिसला, मग छत, मग एकदम तिचं तोंड, एवढं मोठं.

"दिसतो का मी? अरे ए, रडून कायले राहिला? पोचली मी. बाळ अजून नाही आलं. लेक माह्यासाठीच थांबून राहिली होती. आता ठेवतो, डॉक्टरीन बलावून राहिली."

आणि फोन बंद. तासाभरानं पुन्हा वाजला. या वेळी बाईच्या हातात गुंडाळलेलं काहीतरी, लाल लाल, डोळे मिटलेलं. "नात हाय. नाक आपलं हाय." मोहल्ल्यात जो आवाज झाला, तो मला वाटतं फोनशिवायही मँचेस्टरला गेला असेल. मुलगा ताट घेऊन बसला आणि तीन माणसांचं जेवला.

सहा महिन्यांनी ती परतली तेव्हा बाकीचं कळलं. ओसरीवर बसून किती वेळा सांगायला लावलं आम्ही तिला! जावयानं म्हाताऱ्या माणसाला मदत म्हणून चाकाच्या खुर्चीची सोय करून ठेवली होती, तिला न सांगता. दोह्याला विमानाच्या दाराशी एक मुलगा खुर्ची घेऊन उभा. ही भडकली. "मी का लंगडी आहो? मी रोवनीची बाई!" तो बिचारा नेपाळी, हिंदी समजणारा. म्हणाला, अम्मा, मेरी ड्यूटी है. ही खुर्चीच्या शेजारून ताठ चालत निघाली, खुर्चीत तिची पिशवी. वाटेत एक तेलुगू बाई भिंतीला टेकून बसलेली, पाय सुजलेले, कुठे जायचं कळत नव्हतं, डोळ्यांत पाणी. हिनं पिशवी काढून त्या बाईला खुर्चीत बसवलं, तिच्या तिकिटाचा कागद त्या मुलाला दाखवला, आणि चौथी शिदोरी तिच्या मांडीवर ठेवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. "पन लाडवाले काय भाषा लागते?" त्याच मुलाच्या फोनवरून तिनं आम्हाला फोन केला होता.

मँचेस्टरला उतरल्यावर काचेमागच्या गोऱ्या साहेबानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. हिनं कागद पुढं केले. त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा हिनं दोन्ही हातांचा पाळणा केला आणि हलवून दाखवला. साहेब हसला आणि शिक्का मारला.

बाहेर आली तर जावई नाही. माणसांची ही गर्दी, सगळ्यांच्या हातात पाट्या, सगळ्या इंग्रजी. "तेव्हा मात्र भेव वाटलं," ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच कबूल करत होती. "मनात आलं, काही झालं असन म्हनूनच आला नाही. मागच्यासारखं." मग तिनं एकेक पाटी पाहायला सुरुवात केली. आणि टोकाला एक सावळी पोरगी उभी होती, केरळची, लेकीसोबत काम करणारी नर्स, जावयानं धाडलेली. मोबाइलमध्ये पाहून पाहून पुठ्ठ्यावर दोन अक्षरं काढलेली. वाकडी, चित्र काढल्यासारखी. आई.

"एवढ्या शेकडो लोकायत थे मलेच वाचता आलं," बाई म्हणाली. आणि मग, तुम्हाला सांगते, ती सरळ होऊन बसली. सगळ्या टोळीकडे एकेक करून पाहिलं तिनं. रोवणीवरून येऊन रात्रीच्या साक्षरतेच्या वर्गात आम्ही दोघी कंदिलाशेजारी बसून शिकलो होतो. पोटात भूक असताना, चिखलानं सडलेल्या बोटांनी.  

पुढच्या रोवणीला ती पुन्हा बांधीत. लेकीनं घेऊन दिलेला निळा विलायती रेनकोट घालून, कमरेला दोरी बांधून. शेतकरी गमतीनं विचारायचे, "काय इंग्लंडवाल्या बाई, रेट वाढला काय?" ती म्हणायची, "रेट नाही वाढला, ओळ सरळ झाली." दोन हंगाम काढले तिनं असे.

गेल्या आषाढात ती गेली. टोळीची बोलणी करून दुपारी घरी आली, बाजेवर आडवी झाली, आणि उठलीच नाही. लेक निघाली तिकडून, पण आम्ही तिच्यासाठी थांबलो नाही. बाईनंच मला बजावून ठेवलं होतं, "मी गेली त पोरीसाठी मले ठेवून नोका. पाऊस असते, लोकायच्या रोवन्या असतेत. तिले म्हना, आरामानं ये, जेवून ये." लेक आली, रिकाम्या बाजेशेजारी बसली. तिला आम्ही तसंच सांगितलं. ती आधी रडली आणि मग हसली. आईच बोलली, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टोळी बांधीत उतरली. ओळ धरताना धुऱ्याकडची, बांधालगतची पहिली जागा बायांनी मोकळी सोडली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्या जागेसमोर एक पट्टी तशीच राहिली, नुसतं पाणी, त्यात ढग. शेतकरी धुऱ्यावर उभा होता, त्यानं पाहिलं आणि मजुरी पूर्ण बांधीची मोजली.

नातीला नाताळाच्या सुटीत इकडे आणणार आहेत. तीन वर्षांची झाली, मराठी बोलते, थोडी इंग्रजीसारखी. परवा फोनवर मला विचारत होती, "आजी मोठी होती की छोटी?" आता याला मी काय सांगू? मी एकटी सांगणार तेवढीच तिची आजी तिला मिळणार, आणि माझी तर अर्धी वर्षं मशीनवरच गेली. तुम्ही तिला चिखलात पाहिलं आहे, तुमच्यातल्या दोघींना तिनं धुऱ्यावर बदडलं आहे, एकीच्या लग्नात ती रात्रभर नाचली आहे. ते सगळं तुमच्याजवळ आहे, माझ्याजवळ नाही. म्हणून म्हणते, नाताळात या. पोरगी इथं असेपर्यंत या. खाटा मी मागून ठेवते, नवा तांदूळ घरात आहे. लवकर या.